दोन दिवस, आठशे रुपये आणि आपलाच जिल्हा

वर्षावास संपला की भिक्खू चारिकेला निघतात. आपल्या गोंदिया जिल्ह्यात याच सुमारास हलके धान कापणीला येते, भारी धान पिवळे पडू लागते आणि दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते. ऊन सोसवते, तलाव भरलेले असतात, रस्ते कोरडे झालेले असतात. फिरायला याहून चांगला काळ आपल्याकडे नाही. तरीही आमच्या गटात 'या वर्षी कुठे जायचे?' हा प्रश्न निघाला की पहिली नावे बोधगया, अजिंठा आणि गोव्याची येतात. मग कोणीतरी खर्चाचा हिशेब मांडतो आणि बेत तिथेच थांबतो.

गेल्या वर्षी अशाच एका बैठकीत आम्ही सहा जणांनी एकमेकांना विचारले, नवेगावबांधचा तलाव कोणी कोणी पाहिला आहे? दोघांनी पाहिला होता, तोही शाळेच्या सहलीत, रांगेत उभे राहून. गोंदिया शहरापासून साधारण ६५ किलोमीटरवर असलेले ठिकाण चौघांनी पाहिलेच नव्हते. मात्र दीक्षाभूमीला सगळे अनेकदा गेले होते आणि तिघे चैत्यभूमीलाही जाऊन आले होते. याशिवायचा आमचा प्रवास म्हणजे लग्न, मयत, परीक्षा आणि नोकरीची मुलाखत. आमच्या आईवडिलांचा प्रवास रोवणीला, कापणीला आणि वीटभट्टीला. काही काम नसताना, घाई नसताना, केवळ पाहण्यासाठी घराबाहेर पडणे आमच्यापैकी बहुतेकांच्या घरात कोणी केलेच नव्हते.

म्हणून आम्ही ठरवले की आपल्याच जिल्ह्यात दोन दिवस फिरायचे, सावकाश फिरायचे आणि माणशी आठशे रुपयांच्या आत फिरायचे. ते कसे जमले, आधी काय चुकले आणि तुम्हाला कसे जमवता येईल, ते येथे सांगत आहोत.

पहिली चूक : एका दिवसात नऊ ठिकाणे

पहिला प्रयत्न फसला होता, तो आधी सांगणे बरे. आम्ही एका दिवसात नऊ ठिकाणे पाहायचा बेत केला. पहाटे पाचला निघालो. प्रत्येक ठिकाणी पंधरा मिनिटे, दोन-चार फोटो, की पुढे. दुपारी एक गाडी पंक्चर झाली, जेवण राहिले, अंधार पडला आणि परतताना जंगलातल्या वळणावर एका मित्राची गाडी घसरली. खरचटण्यावर निभावले. दुसऱ्या दिवशी आठवायला बसलो तर कोणत्या ठिकाणी काय पाहिले हेच कोणाला नीट सांगता येईना. पेट्रोलचा खर्च मात्र प्रत्येकाच्या लक्षात होता.

त्यातून एक नियम निघाला. एका दिवसात दोनच ठिकाणे, आणि त्यांपैकी एका ठिकाणी निदान तीन तास. यादीतून ठिकाणे कमी केली की पेट्रोल वाचते, अंधारात गाडी चालवावी लागत नाही आणि बोलायला वेळ मिळतो. स्वस्त सहलीचे निम्मे गणित एवढ्यातच सुटते.

मार्ग

आमचा मार्ग असा होता : गोंदिया, गोरेगाव, कोहमारा, नवेगावबांध, अर्जुनी मोरगाव, गोठणगाव आणि त्याच रस्त्याने परत. जाऊन-येऊन, मधली वळणे धरून, दोनशे ते सव्वादोनशे किलोमीटर. गाडीचा वेग ताशी ४० च्या आसपास ठेवायचा हे आधीच ठरले होते.

शनिवारी सकाळी सातला गोंदियातून निघावे. गोरेगावात चहा घ्यावा. गोरेगावच्या पुढे दोन्ही बाजूंना धानाची शेते आहेत आणि मधून मधून जंगल लागते. इथे गाडी थांबवून बांधावर दहा मिनिटे उभे राहायला काही खर्च येत नाही. कोहमाऱ्याला मुंबई-कोलकाता राष्ट्रीय महामार्ग लागतो. तिथे ट्रकची वर्दळ फार असते, म्हणून सगळ्या गाड्या एकत्र आल्यावरच चौक ओलांडावा. कोहमाऱ्यालाच नाश्ता उरकावा. तर्री-पोहे आणि आलूबोंडा मिळतो, आणि पुढे जंगलाच्या रस्त्यावर टपऱ्या कमी आहेत. अकराच्या सुमारास नवेगावबांधला पोहोचता येते.

दुपार तलावाच्या पाळीवर घालवावी. चारच्या आधी तिथून निघून अर्जुनी मोरगावच्या बाजूला मुक्कामाच्या गावी जावे. रविवारी सकाळी गोठणगावजवळची तिबेटी वसाहत आणि इटियाडोह धरण पाहून, साडेबाराला परतीला लागावे. नोव्हेंबरात आपल्याकडे साडेपाचलाच सूर्य मावळतो. उजेडात घरी पोहोचायचे तर दुपारी एकच्या आत गाडी परतीच्या रस्त्याला लागलेली हवी.

ज्यांच्याकडे दुचाकी नाही त्यांनी मागे राहू नये. गोंदिया-बल्लारशा रेल्वेमार्ग, जो एके काळी नॅरोगेज होता, सौंदड, देवलगाव आणि अर्जुनीवरूनच जातो. पॅसेंजर गाडीने अर्जुनीला उतरायचे आणि पुढे मित्रांच्या गाडीवर किंवा ऑटोने जायचे, असेही करता येते. परतीच्या गाडीची वेळ मात्र निघण्याआधी स्टेशनवर विचारून घ्यावी.

नवेगावबांध : पाळीवर बसायचे

नवेगावला गेले की सगळ्यांना सफारी आठवते. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प २०१३ मध्ये जाहीर झाला. सफारी चांगलीच असते, पण गाडी आणि गाईड यांचे पैसे मिळून ती या सहलीतली सगळ्यात महाग गोष्ट ठरते. शिवाय जंगलात दुचाकी नेता येत नाही. आम्ही सफारी वगळली आणि तलाव निवडला.

हा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याची नोंद आहे. डोंगरांच्या मधल्या जागा पाळीने जोडून पाणी अडवले आहे. पाळीवर उभे राहून पाहिले की ही युक्ती लगेच कळते. भंडारा-गोंदिया हा तलावांचा प्रदेश. कोहळी समाज तलाव बांधण्यात वाकबगार होता आणि त्या काळी तलाव बांधणाऱ्याला जमिनीचे हक्क मिळत. पुढे मालगुजारी आली आणि १९५१ मध्ये ती गेली. तेव्हापासून सरकारकडे आलेल्या या तळ्यांना आपण माजी मालगुजारी तलाव, थोडक्यात 'मामा तलाव' म्हणतो. बांधणाऱ्या पाटलाचे नाव नोंदीत आहे. पाळीची माती डोक्यावरून वाहणाऱ्यांची नावे कुठेच नाहीत. आपण कोणाचे वंशज आहोत हे लक्षात ठेवून ती पाळ पाहिली पाहिजे.

आमच्याबरोबर एका मैत्रिणीची आई आली होती. मुलीला एकटीला पाठवायला घरचे तयार नव्हते, म्हणून मावशी स्वतःच निघाल्या. तलाव दिसल्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. नंतर म्हणाल्या, "आमी रोवन्याले येत होतो न इकडं. पानी याच तलावाचं. पन तलाव पाहाले टाइम कोनाले होता?" ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून सकाळी यायचे, दिवसभर चिखलात वाकून परे लावायचे आणि अंधारात परत जायचे. तळे तिथून फार लांब नव्हते. त्या दिवशी मावशी पाळीवर तीन तास बसल्या, डबा खाल्ला आणि झाडाखाली थोडा वेळ झोपल्याही.

त्या दुपारनंतर ही सहल आम्हाला नुसती मौज वाटेनाशी झाली. सार्वजनिक पाण्यावर आपला हक्क आहे हे सांगायला १९२७ मध्ये महाडला सत्याग्रह करावा लागला. आज नवेगावच्या पाळीवर आपल्याला कोणी अडवत नाही. पण तिथे जाऊन निवांत बसायला जो वेळ लागतो, तो आपल्या घरात आजही सगळ्यात कमी आहे. तो मुद्दाम काढावा लागतो.

नोव्हेंबरपासून या तलावावर स्थलांतरित पक्षी येऊ लागतात. दुर्बीण असेल तर न्यावी, नसली तरी चालते. जाण्याआधी मारुती चितमपल्ली यांचे 'नवेगावबांधचे दिवस' गटातल्या एकाने तरी वाचावे. वनअधिकारी म्हणून त्यांनी इथे बरीच वर्षे काढली होती. रोवणीच्या हंगामात किंवा पावसात या तलावाचे रूप वेगळे असते, पण पहिल्यांदा जाणाऱ्यांनी हिवाळाच निवडावा.

परिसरातल्या लहान तलावांवर ढीवर समाजाची मासेमारी चालते. अर्जुनी मोरगाव तालुक्यात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ आणि स्थानिक ढीवर बांधव-भगिनींनी तलावांत देशी मासे आणि पाणवनस्पती परत आणण्याचे काम केले आहे. एखाद्या तलावावर जाळे ओढणारे दिसले तर थांबून बोलावे. कोणता मासा परत आला आणि कोणता गेला, हे पुस्तकापेक्षा तिथे लवकर समजते.

मुक्काम : आडनाव विचारले गेले तेव्हा

मुक्कामाबद्दल स्पष्टच लिहितो. आम्ही एके ठिकाणी फोनवर जागेची चौकशी केली होती आणि खोली आहे असे सांगण्यात आले होते. पोहोचल्यावर आधी नाव विचारले, मग आडनाव, मग गाव. त्यानंतर खोली भरली असल्याचे कळले. अंगणात आमच्याशिवाय दुसरी गाडी नव्हती. आमच्यातला एक जण भांडायला उठला होता, पण सूर्य मावळत होता आणि बरोबर मावशी होत्या. गटातल्या एकीने शेजारच्या गावातल्या नातेवाइकाला फोन लावला आणि अर्ध्या तासात तिथले बुद्ध विहार आमच्यासाठी उघडले गेले.

सगळीकडे असेच होते असे आम्ही म्हणत नाही. पण असे होऊ शकते हे गृहीत धरूनच बेत आखावा. मुक्कामाची जागा निघण्याआधी पक्की करा, आणि पहिली निवड म्हणून एखाद्या गावातल्या विहाराचा विचार करा. आपल्या विहार समितीच्या पदाधिकाऱ्यांकडून तिथल्या उपासक-उपासिकांना आठवडाभर आधी फोन जायला हवा. किती जण, किती मुली, किती वाजता पोहोचणार, जेवणाचे काय, हे सगळे त्यात सांगावे. विहार म्हणजे फुकटचे लॉज समजू नये. सतरंज्या आणि चादरी सोबत न्याव्यात, संध्याकाळच्या वंदनेला बसावे, स्वयंपाकाचे साहित्य आपण द्यावे, सकाळी झाडलोट करावी आणि दानपेटीत आपला वाटा टाकूनच निघावे.

संध्याकाळी त्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसा. १९५४ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत बाबासाहेब भंडाऱ्यातून उभे होते आणि पराभूत झाले होते. आपला हा सगळा भाग तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होता आणि भंडारा मध्य प्रदेश राज्यात. गोंदिया जिल्हा वेगळा झाला तो १९९९ मध्ये. ती निवडणूक ज्यांनी लहानपणी का होईना पाहिली, ती माणसे आज ऐंशीच्या पुढे आहेत. १९५६ ला घरातून नागपूरला कोण गेले, पायी गेले की रेल्वेने, वाटेत काय खाल्ले, हे विचारा. आम्हाला एका आजोबांनी दोन तास सांगितले. आमच्यापैकी कोणीच ते लिहून घेतले नाही, याची खंत आहे. तुम्ही वही न्या.

मंडईचे दिवस असतील तर त्या परिसरात दंडार किंवा झाडीपट्टीचे नाटकही असू शकते. नाटक रात्रभर चालते. ते पाहायचे ठरले तर दुसऱ्या दिवशीचा बेत निम्मा करा. झोप न झालेल्या माणसाने गाडी चालवू नये, एवढे पथ्य पाळाच.

नोर्ग्येलिंग : आपल्या तालुक्यातले तिबेट

गोठणगाव-प्रतापगड परिसरात नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे. १९५९ मध्ये दलाई लामांच्या मागोमाग हजारो तिबेटी भारतात आले. त्यांच्यासाठी देशभर वसाहती उभ्या राहिल्या, त्यांपैकी ही १९७२ ची. आपल्या धानाच्या शेतांमध्ये रंगीत पताका फडफडताना दिसतात आणि गोम्पातून मंत्रांचा आवाज येतो. आपण बुद्ध स्वीकारला तो जातीच्या अपमानातून बाहेर पडण्यासाठी. ही माणसे तोच बुद्ध मनात धरून देश सोडून आली. दोघांचे विधी निराळे, भाषा निराळी, पण तालुका एकच. इतक्या वर्षांत आपण त्यांच्या दारात किती वेळा गेलो, हा प्रश्न आम्हालाही पडला.

जाताना काही गोष्टी ध्यानात ठेवा. ही वस्ती आहे, प्रदर्शन नाही. घरांचे आणि माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. गोम्पात चपला बाहेर काढा, प्रदक्षिणा उजवीकडून घाला, प्रार्थना सुरू असेल तर मागे शांत बसा. हिवाळ्यात इथली बरीच कर्ती माणसे स्वेटर विकायला शहरांत गेलेली असतात. त्यामुळे वृद्ध आणि मुलेच जास्त भेटतात. नागपूर-गोंदियात रस्त्याकडेला स्वेटर घेताना आपण ज्यांच्याशी भाव करतो, त्यांचे घर इथे असू शकते.

जवळच इटियाडोह धरण आहे, गाढवी नदीवरचे. पाण्यात उतरू नका. भिंतीच्या बाजूला सावली पाहून उरलेला डबा संपवा आणि निघा.

हिशेब

तीन दुचाकी, सहा माणसे. एका गाडीला साधारण पाच लिटर पेट्रोल लागले. माणशी खर्च असा आला :

पेट्रोल २६० रुपये.
दोन दिवसांचा चहा-नाश्ता १५० रुपये.
दोन वेळचे जेवण, विहारातला शिधा धरून, १८० रुपये.
विहाराला दान १०० रुपये.
पंक्चर आणि अडीअडचणीसाठी राखीव ११० रुपये.
एकूण ८०० रुपये.

पहिल्या दिवशीचे दुपारचे जेवण घरून न्यायचे, म्हणून ते यात नाही. पोळ्या, जवसाची चटणी आणि लाखोळीच्या डाळीचे वडे दिवसभर टिकतात. ज्याची गाडी, त्याचे पेट्रोल असे करू नका. सगळा खर्च एकत्र करून समान वाटा. गटात शिकणारे आणि कमावणारे दोन्ही असतील तर कमावणाऱ्यांनी थोडे जास्त टाकावे, आणि कोणी किती टाकले याची चर्चा पुन्हा करू नये. पैशासाठी एकही जण मागे राहिला तर बेत पुन्हा आखायला हवा.

मुलींशिवाय बेत नको

मुलांचा गट कधीही उठून निघतो. मुलींना मात्र घरी दहा प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. ती उत्तरे गटाने मिळून द्यावीत. कागदावर मार्ग, वेळा, मुक्कामाचे गाव, तिथल्या उपासिकेचा फोन क्रमांक लिहून प्रत्येकाच्या घरी द्या. प्रत्येक थांब्यावर घरच्यांना एक निरोप पाठवा. जंगलाच्या पट्ट्यात फोनला रेंज कधी कधी जाते, हे आधीच सांगून ठेवा म्हणजे घरचे घाबरणार नाहीत. गाडी चालवता येणाऱ्या मुलींनी चालवावी. आणि एखादी आई, मावशी, आत्या येते म्हणाली तर आनंदाने न्यावी. आमच्या सहलीत सगळ्यात जास्त काही मिळाले असेल तर ते मावशींना, असे आम्हाला वाटते.

बाकी नेहमीच्या गोष्टी : दोघांनाही हेल्मेट, लायसन्स आणि विम्याची कागदपत्रे, पंक्चरचे सामान, प्रथमोपचार पेटी, पाण्याच्या बाटल्या. प्लास्टिक परत आणायचे. जंगलात हॉर्न आणि गाणी बंद.

ज्यांना एकच दिवस मिळतो त्यांनी दुसरी दिशा धरावी : आमगाव, सालेकसा, दरेकसा. हाजरा फॉलला पावसाळा संपताना पाणी चांगले असते, आणि जवळच कचारगडच्या गुहा आहेत. कचारगड हे गोंड बांधवांचे श्रद्धास्थान आहे, माघ पौर्णिमेला तिथे मोठी यात्रा भरते. तिथे पाहुण्यासारखे जावे आणि दुपार उतरायच्या आत परत फिरावे.

येत्या रविवारी वंदना झाल्यावर दहा मिनिटे थांबा. कोणाकडे गाडी आहे, कोणाला कोणता शनिवार मोकळा आहे आणि कोणत्या गावच्या विहारात आपली ओळख आहे, एवढे तीन प्रश्न विचारा. तारीख तिथेच ठरवा, आणि घरी गेल्यावर आईला विचारा, तिने नवेगावचा तलाव पाहिला आहे का.

जय भीम, नमो बुद्धाय.